मोरीचं पाणी

ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला त्याच आठवड्यात बावखलातले मासे मेले. आलोशियस सकाळी दात घासत मागीलदारी गेला आणि तिथूनच ओरडला, "सालू, अगं इकडं ये!" सालोमी केळीची पानं कापत होती. हातातला कोयता तसाच घेऊन ती धावली. काळ्या पाण्यावर पांढरी पोटं वर करून मासे पडले होते. तिलापी, रोहू, ईस्टरसाठी राखून ठेवलेले मोठे कटले. कावळे नारळावर बसले होते, पण खाली उतरत नव्हते.

"मेले सगळे," आलोशियस म्हणाला.

"मेले नाय, मारले," सालोमी म्हणाली.

बावखल म्हणजे आलोशियसच्या पणजोबाने वाडीच्या मधोमध खणलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, हळूहळू मुरायचं, आणि त्याच्या जोरावर शेजारची विहीर भर मे महिन्यातही गोडी राहायची. गावात ज्यांनी आपली बावखलं बुजवून बंगले उठवले त्यांच्या विहिरी मचूळ झाल्या आणि आता त्यांच्या दारात टँकर उभे राहत होते. सालोमीच्या वाडीची केळी, अळू, नारळ सगळं या पाण्यावर उभं होतं.

वाडीच्या कुंपणापलीकडे, जिथं पूर्वी शेजाऱ्याची भाजीची खाचरं होती, तिथं चार मजली 'हरितछाया' उभी राहिली होती. फाटकाच्या भिंतीवर प्लास्टिकच्या पानांची वेल चढवलेली, आत हिरवा गालिचा अंथरून केलेली हिरवळ, आणि वर पाटी: निसर्गाच्या कुशीत. दिवाळीत माणसं राहायला आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत कंपाउंडच्या भिंतीखालून एक जाड पाइप बाहेर आला आणि त्याचं तोंड बावखलाच्या उतारावर उघडलं. स्वयंपाकघरांचं, न्हाणीघरांचं, कपड्यांच्या मशीनचं पाणी त्यातून सकाळ-संध्याकाळ फेसाळत यायला लागलं.

आलोशियसने काठीला टोपली बांधून मासे काढले आणि केळीखाली पुरले. दोनदा साबण लावूनही हातांचा वास जाईना. दुपारी त्याने घास तोंडापाशी नेला आणि परत ताटात ठेवला.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून सालोमी पानांचे भारे घेऊन विरारच्या बाजारात बसली. गिऱ्हाईक चांगलं होतं. एक बाई आली, पस्तिशीची, डोळ्यांवर काळा चष्मा. तिने पान उलटंसुलटं केलं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"मावशी, ह्याला गटाराचा वास येतोय."

आजूबाजूच्या चार बायकांनी हातातली पानं खाली ठेवली. सालोमीने त्या बाईकडे निरखून पाहिलं. तिला ओळख पटली. 'हरितछाया'च्या तळमजल्यावर, बावखलाच्या बाजूच्या खिडकीत कपडे वाळत घालणारी हीच.

"येनारच," सालोमी म्हणाली. "तुमचाच वास हाय तो, बाय. तुमच्या मोरीतनं माझ्या केळीत आलेला."

भाजीवाल्या हसल्या. ती बाई लालबुंद होऊन निघून गेली. पण पानं काही खपली नाहीत. सालोमीने भारे तसेच डोक्यावर घेतले, आणि घरी न जाता सरळ 'हरितछाया'च्या फाटकात जाऊन उभी राहिली.

वॉचमनने तिला भारे बाहेर ठेवायला लावले. सोसायटीचा सेक्रेटरी हर्षवर्धन अर्ध्या चड्डीत खाली आला. मुंबईत कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, बोलायला गोड. मागून त्याची बायको दारात आली आणि सालोमीला बघून थबकली. तीच बाजारातली. संपदा तिचं नाव.

"मावशी, तुमचं बरोबर आहे," हर्षवर्धन म्हणाला. "पाणी शुद्ध करायचं मशीन बिल्डरने बसवलंय, पण ते पहिल्या महिन्यातच बंद पडलं. तो आता फोन उचलत नाही. आम्ही तरी काय करणार?"

"पाइप माझ्या बावखलात सोडायला बरं जमलं तुमाला."

हर्षवर्धनचा आवाज जरा बदलला. "एक विचारू? तुमच्या मोरीचं पाणी कुठं जातं?"

वॉचमन तिच्याकडे बघत होता. संपदाही बघत होती.

"नाही, सहज विचारलं," हर्षवर्धन हसून म्हणाला.

घरी येऊन सालोमी मागीलदारी मोरीपाशी बसून राहिली. शहाबादी फरशीवरून मासळी धुतलेलं पाणी, भांड्यांच्या साबणाचं पाणी, मुलीच्या, कॅरलच्या शाम्पूचं पाणी एका पन्हळीतून घरंगळत जात होतं, आणि पन्हळीचं दुसरं टोक बावखलात होतं. सासूच्या वेळेपासून तसंच. पण सासू राखेने भांडी घासायची.

कॅरल वसईला एका शाळेत शिकवत होती. संध्याकाळी तिला सगळं कळलं तेव्हा ती भडकलीच. "आई, आपण तीन माणसं. ती पूर्ण बिल्डिंग आहे. कंपेअर तरी कसं करतो तो?"

"खरं बोलला तो," सालोमी म्हणाली. "माझ्याच तोंडाला फेस हाय, मी दुसऱ्याला काय सांगू?"

"मग गप्प बसायचं?"

"गप्प कोन बसतंय?" सालोमी उठली. "टिकाव कुठं हाय बघ."

लग्नाआधी सालोमी चर्चच्या सिस्टरांच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला होती. तिथं स्वयंपाकघरामागे कर्दळीचा लांब वाफा होता. भाताची पेज, भांड्यांचं पाणी सगळं त्यात जायचं आणि पलीकडच्या टोकाला पेरूच्या झाडांना मिळायचं. ते पाणी आत काय होऊन बाहेर पडतं हे तिने तेव्हा कधी विचारलं नव्हतं. आता कॅरलने मोबाइलवर शोधून दाखवलं, आणि उरलेलं दोघींनी आपल्या अकलेने ठरवलं.

खणायला सुरुवात झाली. वरची माती भुसभुशीत, खालची चिकट. टिकाव रुतला की निघेना. सालोमीने तळव्यांना जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळल्या. सकाळी पानं कापून झाली की ती खड्ड्यात उतरायची, संध्याकाळी कॅरल शाळेतून येऊन घमेली उचलायची. खड्ड्याचा तळ चिकणमातीने चोपून घट्ट केला. वर फुटकी कौलं, मग विटांचे तुकडे, मग खडी, मग वाळू, आणि वाळूत कर्दळीचे कंद.

आलोशियस ओटीवर बसून बघत होता. गोखिवऱ्याच्या कारखान्यात लोखंड उचलून त्याची कंबर गेलेली होती, हे खरं. पण तो खाली आला नाही त्याचं कारण कंबर नव्हती. रस्त्याने जाणारी माणसं कुंपणापाशी थांबायची. "काय आलोशियस, गटाराची बाग लावून घेतोस वाटतं बायकोकडनं?" असं विचारायची आणि तो हसण्यावारी नेऊन आत जायचा.

पहिला वाफा बिघडला. आठवडाभरातच वर पाणी तुंबलं आणि असा वास सुटला की आलोशियसने जेवणाचं ताट उचलून पुढच्या खोलीत नेलं. सालोमीने वाळू उपसली. खाली खडीला नारळाच्या तेलाचा आणि चरबीचा पांढरा थर गच्च बसलेला, मेणासारखा. तिने तो हातांनी खरवडून काढला. दोनदा ओकली, तोंड धुतलं, परत बसली.

"सोड की आता," आलोशियस दारातून म्हणाला. "हसतात लोक."

"हसू दे. वास त्यांना येतो, हात माझे हायत."

मग कॅरलने एक जुना ड्रम आणला. तो मोरी आणि वाफ्याच्या मध्ये पुरला आणि त्यात नारळाची सोडणं, वरच्या काथ्याच्या साली, ठासून भरली. तेलकट गाळ सोडणांत अडकला, पाणी पुढं गेलं. सोडणं काळी पडली की काढायची, खतात टाकायची, नवी भरायची. पवित्र सप्ताह येईपर्यंत कर्दळीला नवे कोंब फुटले आणि वाफ्याच्या टोकाला नळीतून पाणी ठिबकायला लागलं. अगदी काचेसारखं नव्हे, पण फेस नाही, वास नाही. सालोमीने पन्हळीचं जुनं तोंड दगडमातीने कायमचं बुजवलं आणि नवं पाणी केळीच्या आळ्यांकडे वळवलं.

त्याच आठवड्यात महापालिकेच्या ऑफिसातला माणूस आला. हातात फाइल, तोंडात गुटखा. बावखलाच्या काठावर उभं राहून त्याने मोबाइलवर फोटो काढले.

"ह्या खड्ड्यात डास होतात. तक्रार आहे. महिन्याभरात बुजवून टाका."

"खड्डा नाय, बावखल हाय," सालोमी म्हणाली. "आनि तो पाइप दिसत नाय तुमाला?"

"आमच्याकडे खड्डाच लिहिलंय." तो आलोशियसकडे वळला. "भरणी लागली तर सांगा. माझ्या ओळखीचे डंपरवाले आहेत."

तो गेल्यावर आलोशियस पाण्याकडे वळला. "बुजवू या का गं? रोजची कटकट संपेल. कॅरलच्या लग्नाला मांडव घालायला जागा तरी होईल."

"आनि मांडवात पाहुन्यांना प्यायला काय द्याल? टँकरचं पानी?" सालोमीचा आवाज चढला. "ते घान करनार, आनि बुजवायचं आपन? मेलेल्यालाच शिक्षा?"



ईस्टर झाला. सालोमी पुन्हा 'हरितछाया'त गेली. या वेळी सोसायटीची मीटिंग चालू होती. सगळे खुर्च्यांवर, ती उभी. तिने सांगितलं, माझी मोरी येऊन बघा. तुमच्या भिंतीकडेला गाड्यांची जागा आहे तिथं असा वाफा करा, मोठा. मी कर्दळ देते. कुणीतरी मागून हसलं. दुसऱ्या मजल्यावरचा एक गाडीवाला म्हणाला, "आम्ही इथं एवढे पैसे भरून गटारात बाग लावायला आलो काय? बिल्डिंगचा लूक जाईल." हर्षवर्धन म्हणाला, विचार करू, मावशी. संपदा मान खाली घालून मोबाइल बघत होती.

"विचार करा," सालोमी म्हणाली. "माझा करून झाला."

दुसऱ्या दिवशी, 'हरितछाया'तले नोकरदार कामाला गेल्यावर पाइपाची धार बारीक झाली तशी ती उतारावरून खाली उतरली. केळीच्या खोडाचा तुकडा गोणपाटात गुंडाळून तिने पाइपात कोंबला आणि वरून चिकणमाती थापली. वर कुणीतरी बादली ओतली असावी. बोळा सुटला आणि गढूळ फेसाचं पाणी तिच्या छातीवर, तोंडावर आलं. तिने डोळे पुसले, बोळा परत बसवला. परत सुटला. गुडघ्यापर्यंत चिखलात ती उभी होती.

"असं नाय बसत ते."

आलोशियस वर काठावर होता. लुंगी वर खोचलेली, हातात नारळाच्या ओंडक्याचा तुकडा आणि कुऱ्हाड, पायाशी घण. तिथंच बसून त्याने ओंडक्याला निमुळता आकार दिला. मग कंबर धरत, एकेक पाऊल टाकत खाली उतरला. गोणपाट गुंडाळून ओंडका पाइपाच्या तोंडाला लावला आणि घणाचे घाव घालायला लागला. प्रत्येक घावाला त्याच्या तोंडातून कण्हणं निघत होतं, पण तो थांबला नाही. ओंडका गच्च बसल्यावर त्याने वरून सिमेंट थापलं.

"सिमेंट कुठनं आनलंत?" सालोमीने विचारलं.

"कुंपनाचं उरलं होतं." त्याने हात बावखलात न धुता लुंगीला पुसले.

संध्याकाळी 'हरितछाया'च्या तळमजल्यावर न्हाणीघरांच्या जाळ्यांतून पाणी वर आलं. अंधार पडायच्या आत सात-आठ माणसं वाडीत शिरली. पुढं हर्षवर्धन, अजून ऑफिसच्या कपड्यांत.

"हे काय केलंत? माझ्या घरात पाणी आलंय! घोट्याएवढं!"

"माझ्या घरात दिवाळीपासनं हाय," सालोमी म्हणाली.

"पोलिसांना बोलावतो."

"बोलवा. ही जागा कोनाची ते पन विचारा त्यांना. पाइप कोनाचा ते पन."

गाडीवाला पुढं सरसावला. "काका, तुम्ही समजवा हो ह्यांना. बाईमाणसाच्या डोक्याने..."

"ठोकला मी हाय," आलोशियस म्हणाला. "काय बोलायचं ते माझ्याशी बोला."

सालोमीने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने भरल्या लोकांत आवाज चढवलेला तिने ऐकला नव्हता. कॅरल शाळेची बॅग खांद्यावरच ठेवून बापाशेजारी येऊन उभी राहिली.

माणसं शिव्या देत, उद्या बघून घेतो म्हणत परतली. पोलीस आले नाहीत. मैला उपसायचा टँकर आला, घरघरत पाणी ओढून गेला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावा लागला.

आलोशियसला त्या घणाने अंथरुणाला खिळवलं. सालोमी त्याच्या कंबरेला तेल चोळत असताना पलीकडून, त्या तळमजल्याच्या खिडकीतून एका म्हातारीचा आवाज आला. "अगं संपदा, मला आंघोळ तरी घालशील का नाही आज? अंग चिकचिकतंय गो." ती हर्षवर्धनची आई, आशालताबाई. सालोमीचे हात थांबले.

"आता काढू नको हां बोळा," आलोशियस उशीत तोंड खुपसून म्हणाला.

"बोळा कोन काढतंय?"

ती उठली, कुंपणापाशी गेली आणि खिडकीखाली उभी राहून हाक मारली. "संपदाबाय, सासूला घेऊन ये. पानी तापवलंय. आमच्या मोरीत न्हाऊ दे त्यांना."

खिडकीत संपदा आली. तिचे डोळे सुजलेले होते. ती म्हणाली, "पाइप उघडलात तर यावं लागणार नाही."

"ते नाय होनार. पानी तापलंय, थंड व्हायच्या आत ये."

थोड्या वेळाने संपदा म्हातारीला दंडाला धरून घेऊन आली. एका हातात टॉवेल, एका हातात साबणाची डबी. सालोमीने म्हातारीला पाटावर बसवलं आणि पाठ चोळली. म्हातारीने कढत पाणी अंगावर घेतलं आणि समाधानाने सुस्कारा सोडला.

"आमच्याकडे कोकणात मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळ असायचीच," ती म्हणाली. "इथं आल्यापासून पाणी कुठं जातं तेच दिसत नाही मेलं."

संपदा बाहेर उभी होती. सासूच्या अंगावरचं साबणाचं पाणी ड्रममध्ये गेलं, ड्रममधून वाफ्यात. ती वाफ्याच्या कडेने चालत टोकापर्यंत गेली. तिथं उकिडवी बसली आणि नळीखाली ओंजळ धरली. ओंजळ नाकाशी नेली.

"घे, नीट घे वास," सालोमी मोरीतून म्हणाली. "बाजारात घेतला होतास ना?"

संपदा हसली नाही. "हे एवढंच आहे?" तिने विचारलं.

"एवढंच. पन खनावं लागतं."

रविवारी सकाळी 'हरितछाया'च्या आवारात ब्लॉक उखडल्याचा आवाज यायला लागला. सालोमी मिस्साहून परतत होती. तिने फाटकातून पाहिलं तर संपदा पंजाबी ड्रेसच्या बाह्या सारून पहारीने गाड्यांच्या जागेतले सिमेंटचे ब्लॉक काढत होती. हर्षवर्धन फावडं उलटं धरून माती ओढत होता. तळमजल्यावरची आणि पहिल्या मजल्यावरची माणसं हाताशी होती, वरच्या मजल्यांवरची गच्चीतून बघत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या गाडीवाल्याने आपली गाडी मुद्दाम मधोमध आणून लावली आणि चावी खिशात घालून तो वर निघून गेला. संपदाने गाडीच्या दोन्ही अंगांनी खणायला घेतलं. दुपारपर्यंत गाडी बेटासारखी उभी राहिली. संध्याकाळी त्यालाच फळ्या टाकून ती बाहेर काढावी लागली.

सालोमीने त्यांना कर्दळीचे कंद दिले आणि फुकटात शिव्याही दिल्या. तळ चोपला नव्हता, परत काढायला लावला. खडीआधी वाळू टाकली होती, तीही काढायला लावली. हर्षवर्धनचे तळहात फुटले तेव्हा तिने साडीची चिंधी काढून त्याच्यापुढे टाकली, बांधून मात्र दिली नाही. चार मजल्यांच्या पाण्याला एक वाफा पुरला नाही. भिंतीकडेने वळवून दुसरा जोडावा लागला. तोवर रोज टँकर, आणि टँकरवरून रोज भांडणं.

ऑफिसातला माणूस मुदत विचारायला पुन्हा आला तेव्हा आशालताबाई ओल्या केसांनी सालोमीच्या ओटीवर बसल्या होत्या.

"बुजवनार नाय," सालोमीने त्याला सांगितलं. "लिहून घ्या."

"मग कारवाई होईल."

"होऊ दे."

"आणि मी इथंच बसलेली असेन हो," आशालताबाई म्हणाल्या. "मलाही भरणीत घालायचं का ते विचारून या वरती."

तो फाइल काखेत मारून गेला. पुन्हा येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. बावखलही अजून काळंच होतं. आलोशियस म्हणायचा, दोन पावसाळे जातील निवळायला.

मेच्या अखेरीस 'हरितछाया'च्या कर्दळीला लाल फुलं आली. हर्षवर्धन वाडीत आला, एकटाच. ओटीच्या पायरीवर चपला काढल्या.

"सालोमीताई, आता आमचं पाणी स्वच्छ येतंय. स्वतः बघा हवं तर. तो पाइप तेवढा मोकळा करू या. टाकी भरली की जास्तीचं पाणी सोडायला."

"बघितलं मी. चांगलं हाय."

"मग?"

"चांगलं हाय तर माझ्याकडं कशाला सोडता? तुमच्या झाडांना घाला. गाड्या धुवा, संडासात ओता."

हर्षवर्धन ओशाळा हसला. "आणि पावसाळ्यात? गच्चीचं पाणी?"

"ते पावसाचं. त्याला वेगळा पाइप आना, मी स्वतः वाट काढून देते. मोरीला नाय."

"पण आता तर विश्वास ठेवा. आम्ही एवढं सगळं केलं..."

"केलंत ते तुमच्या घरासाठी," सालोमी म्हणाली. "चहा घेनार?"

तेवढ्यात मागीलदारी फावड्याचा खरखराट ऐकू आला. दोघं तिकडं गेली. आलोशियस कंबरेला पट्टा बांधून उकिडवा बसला होता. घमेल्यात त्याने सिमेंट आणि वाळू कालवली होती, बेताने पाणी घालत होता. घमेलं उचलून तो पायाखालची वाट चाचपत उतारावरून खाली गेला, पाइपाच्या तोंडापाशी बसला आणि सेक्रेटरीच्या देखत, थापीने, कडेकडेने नीट दाबत, आधीच्या सिमेंटवर दुसरा थर चढवायला लागला.